भेस्तानचा पीपी नंबर

सुरतेला जाऊन आले म्हटलं की माणसं आधी माझ्या पिशवीकडे बघतात. साड्या आणल्याच असतील, दाखवा. मी एकही साडी आणली नाही. सोलापूरच्या माणसाला कापडाचं फारसं कौतुक नसतं हे एक कारण झालं. दुसरं असं की शेवटच्या दिवसानंतर मला त्या गावातून फक्त बाहेर पडायचं होतं. पण शेजारणी विचारायच्या थांबत नाहीत, म्हणून काय बघितलं ते एकदाच लिहून टाकते. पुन्हा कोणी विचारू नये.

मी का गेले ते आधी सांगायला हवं. सोलापुरात माझे टंकलेखनाचे वर्ग होते. संगणक आले आणि मुलींनी माझ्या टाइपरायटरांकडे पाठ फिरवली. वर्ग बंद पडला आणि लगेच पुण्याच्या एका संस्थेकडून काम आलं: घरोघरी जाऊन फोन, संगणक आणि इंटरनेट लोक कसे वापरतात ते विचारायचं. सुरतेतल्या मराठी वस्त्यांसाठी त्यांना मराठी बोलणारी बाई हवी होती. ज्या यंत्रानं पोटावर पाय दिला त्याचीच ख्यालीखुशाली विचारत दारोदार फिरायचं, हा विनोद मला तेव्हाही कळला होता. पण घरी बसून छताकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून गेले.

उधना

उतरले विमलताईंकडे. माझ्या मावसबहिणीच्या या मैत्रीण. घराणं अकोल्याकडचं, सासरे रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले, नवराही रेल्वेतच. विमलताई बालवाडी चालवतात. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारावर निळी पताका, आणि आल्या माणसाला जेवल्याशिवाय न सोडण्याची सक्ती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "ताई, इथं पाणी उकळून प्यायचं आणि बाहेरचं खायचं नाही." पहिलं मी पाळलं.

उधन्यात माग थांबत नाहीत. मागाच्या आवाजात मी वाढले आहे, तरी मला तो सहन होईना. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी माग गप्प बसतात, माणसं एकमेकांशी साध्या आवाजात बोलतात. इथे बोळातली भिंत हाताला थरथरताना लागते आणि बायका घरातल्या घरातही ओरडून बोलतात. त्यांना ते कळतही नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस त्याच आवाजात ढाराढूर झोपलेला असतो आणि त्याच्या उशाशी बसून मी त्याच्या बायकोला विचारत असते की आपण आठवड्यातून किती तास इंटरनेट वापरता.

उत्तरं ऐकण्यासारखी होती. एक गृहस्थ म्हणाले, "कॉम्प्युटर आहे ना, स्टेशनावर. तिकीट त्यातूनच निघतं." दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर भविष्य काढून घेतलं होतं. "त्यात माझं आयुष्य खूप निघालं," तो म्हणाला, "पण कायमची नोकरी काही निघाली नाही." एका बाईचा मुलगा कॉम्प्युटर क्लासला जातो असं कळलं. काय शिकतो, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ते माहीत नाही, फी मात्र नेतो." इंटरनेट म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं. एका आजींनी ते केबलवर कितव्या नंबरला लागतं असं विचारलं आणि मला नीटसं उत्तर देता आलं नाही, कारण खरं सांगायचं तर तोवर मीही ते पाहिलं नव्हतं. पुण्यात पंख्याखाली बसून ही प्रश्नावली ज्यांनी केली त्यांना एक दिवस या बोळात उभं करावं असं मला रोज संध्याकाळी वाटायचं.

भेस्तान

भेस्तानला विमलताई सोबत आल्या. तिथल्या एका चाळवजा ओळीत बहुतेक घरं खानदेशातली, मागावर काम करणारी. घरात अहिराणी, बाहेर हिंदी, आणि पोरं आपसात थेट गुजराती. टोकाच्या घरात मंजुबेन राहतात. त्यांच्या नवऱ्याचं किराण्याचं छोटं दुकान आहे आणि अख्ख्या ओळीत फोन तेवढा त्यांच्याकडेच. खिडकीच्या आत लाकडी पेटीत ठेवलेला, पेटीला कुलूप. बाहेर कोणाला करता येत नाही. आलेला मात्र सगळ्यांचा. ओळीतल्या प्रत्येकानं आपल्या गावी, नातेवाइकांकडे, लग्नपत्रिकांवर हाच पीपी नंबर दिलेला.

आमच्याकडेही पीपी नंबर असतात. पण सोलापुरात फोन आला की शेजारी हाक मारतात, आपण धावत जातो, तोवर पलीकडचा माणूस धरून बसतो. इथली तऱ्हा वेगळी. मी मंजुबेनच्या ओट्यावर बसले असतानाच फोन वाजला. त्यांनी उचलला, "हा, हा, कही दऊं" एवढंच म्हटलं आणि ठेवला. मग ओट्यावरूनच हाक दिली, "ओ निर्मलाबेन, तमारा भाईने त्यां छोकरी आवी. बेउ सारां छे." चौथ्या दारातून एक बाई हसत बाहेर आली. झालं. भावाला मुलगी झाल्याची बातमी नंदुरबारहून भेस्तानला पोचली आणि बहीणभाऊ एका शब्दानं बोलले नाहीत.

"धरून ठेवायला सांगत नाहीत?" मी विचारलं.

"मीटर भागे ने, बेन," मंजुबेन म्हणाल्या. गावाकडचा माणूस तालुक्याच्या बूथवर जातो, लाल आकडे पळताना बघून त्याच्या छातीत धडधडतं. म्हणून पलीकडून कोणीही उचललं तरी नाव सांगायचं, निरोप सांगायचा आणि ठेवायचं. बाई काय म्हणते ते ऐकत बसायचं नाही, ती गुजरातीत काहीतरी म्हणणार आणि निरोप देणार हे ठरलेलं. मंजुबेनना अहिराणी बोलता येत नाही पण ऐकून ऐकून सगळी कळते. आजवर एकही निरोप राहिला नाही हे त्यांनी अभिमानानं सांगितलं, आणि शेजारच्या दोघींनी मान डोलावली. मला ही पद्धत इतकी आवडली की प्रश्नावलीच्या समासात मी ती लिहून घेतली.

एवढ्यातच त्यांचा नंबर बदलला होता. पुढे एक आकडा वाढला. सगळ्यांनी आपापल्या गावी कळवलं, कोणी पत्रानं, कोणी जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर.

त्या ओळीत सुकदेवचं घर मधोमध. तिशीचा माणूस, मागावर दिवसपाळीला. त्या दिवशी लाइट गेल्यामुळे घरी होता. मूळ अमळनेर तालुक्यातला. माझ्या प्रश्नांना तो नीट उत्तरं देत होता पण कान सगळा मंजुबेनच्या खिडकीकडे. थोड्या वेळानं त्याची बायको शोभा हिनं सांगितलं की गावी सासू आजारी आहे. दोनदा निरोप आला म्हणून सुकदेव धावत गेला होता आणि दोन्ही वेळा म्हातारी उठून बसली. दुसऱ्या खेपेला परत आला तेव्हा शेठनं त्याचे माग दुसऱ्याला दिलेले. हातापाया पडून परत मिळवले. आता त्यानं ठरवलं होतं की नक्की निरोप आल्याशिवाय निघायचं नाही. कपड्यांची पिशवी मात्र भरून खुंटीला लावली होती.

"गावी नंबर बदलल्याचं कळवलंत?" मी सहज विचारलं.

"आमच्या गावचा गुलाब गेला ना मागच्या आठवड्यात. त्याच्याजवळ निरोप दिला," तो म्हणाला.

माझ्या कागदावर एक प्रश्न होता: आपल्याला स्वतःच्या घरी दूरध्वनी घ्यायला आवडेल का, आणि कशासाठी. मी तो वाचून दाखवला. सुकदेव पहिल्यांदाच हसला.

"माले फोन कसाले लागस, ताई? एक फोन येवाले पाहिजे. बस."

शोभानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी जेवले. निघताना मी त्याला म्हटलं, फोन आला नाही म्हणजे आई बरी आहे असं समजा. किती सहज म्हणून गेले.

तापीच्या पलीकडे

संस्थेला काही सधन घरंही हवी होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी नदी ओलांडून गेले. रस्ते रुंद आणि झाडून काढलेले, आणि मागांचा आवाज नाही. अचानक कानांना दडे बसल्यासारखं वाटलं. कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या फ्लॅटमध्ये मला प्रथमच इंटरनेट बघायला मिळालं. कॉलेजात जाणाऱ्या मुलानं यंत्र सुरू केलं. आधी फोन लावल्याचा आवाज, मग कोणीतरी कढईत पाणी टाकावं तशी चरचर. मग आम्ही वाट बघत बसलो. पडद्यावर परदेशातल्या कुठल्याशा शहराचा फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायला लागला. आकाश आलं, इमारतीची टोकं आली, आणि लाइन तुटली. बर्फ पडलेला रस्ता म्हणे खाली होता. तो काही मी पाहिला नाही.

"अमेरिकेतल्या माणसाशी मी गप्पा मारतो," मुलगा म्हणाला.

"काय बोलता?"

"हाय म्हणतो. तोही हाय म्हणतो." तुटलेली लाइन पुन्हा लावत तो म्हणाला, "मग तो निघून जातो."

आतून त्याची आई आली आणि रागावली. दुपारभर फोन अडकवून ठेवतोस, मावशीचा फोन लागत नाही, ती म्हणाली. या घरात मात्र माझ्या प्रश्नावलीची सगळी पानं भरली. पुण्याला हेच हवं होतं. मला का कोण जाणे, तिथून खाली उतरताना रडू यायला लागलं. सगळं जग यंत्राला कान लावून बसलंय आणि कोणाला कोणाचं काही ऐकू जात नाही, असं काहीतरी मनात आलं होतं. तेव्हा मला ते नुसतं थकव्यातलं वाटलं.

नदीकाठी पोंक विकायला बसले होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच, फक्त इथे तो कागदावर तोलून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर देतात. आमच्या हुरड्याला शेतात आगटीपाशी बसावं लागतं, हाताला राख लागते, चार माणसं लागतात. इथे उभ्या उभ्या खाऊन लोक स्कूटर सुरू करतात. तरी चव तीच, आणि घरच्या आठवणीनं मी जरा जास्तच खाल्ला. विमलताईंचा दुसरा नियम मोडल्याची शिक्षा लगेच मिळाली. पुढचे दोन दिवस त्यांच्या घरी मोरीची वाट तुडवण्यात आणि ताकभातावर गेले.

पुन्हा भेस्तान

अंगात त्राण नव्हतं पण ओळीतली काही घरं राहिली होती. विमलताई आणि मी सकाळी पोचलो तर मंजुबेनच्या ओट्याभोवती सगळी ओळ जमलेली. मधे एक म्हातारा उभा होता, डोकं नुकतंच भादरलेलं, खांद्यावर पांढरं उपरणं. सुकदेव पायरीवर बसला होता. त्याचं डोकं पाहिलं आणि मला समजलं, कारण न्हावी अजून वस्तरा पुसत होता.

म्हातारा सुकदेवचा काका, दगा त्याचं नाव. सुकदेवची आई जाऊन पाच दिवस झाले होते. म्हणजे मी भाकरी खात बसले होते तेव्हा तिला अग्नी देऊन झालेला होता, आणि सुकदेव खिडकीकडे कान लावून बसला होता. अग्नी काकानं दिला. आता दहाव्याला तरी ये, म्हणून सांगायला आणि पोरगा असा कसा वागला ते तोंडावर विचारायला तो आला होता. इथे आल्यावर कळलं की सुकदेवला काहीच माहीत नाही. मग सगळा राग मंजुबेनकडे वळला.

"मी सोता फोन कया," काका म्हणत होता. "अमळनेरले जाईसन. बाईनी उचला. मी तिले बठ्ठं सांगं."

"माताजीना सोगन," मंजुबेन रडत होत्या, "मारा पर एवो कोई फोन आयवो ज नथी."

शोभाचा तोल सुटला होता. नळावरून भांडण झालं तेव्हापासून हिच्या मनात राग आहे, हिनंच निरोप गिळला, असं ती ओरडून सगळ्यांना सांगत होती. निर्मलाबेन, जिला भाचीची बातमी याच ओट्यावरून मिळाली होती, तीही आता गप्प होती. कोणी मंजुबेनच्या बाजूनं बोलेना. विमलताईंनी शोभाला धरून खाली बसवलं.

काका सांगत राहिला. फोन केल्यानंतर बिनघोर झाले होते सगळे. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी गेली. सुकदेव निघालाच असणार म्हणून तिला ठेवून थांबले. "दुपारनी गाडी उनी. संध्याकाळनी उनी. तू उना नही," तो पुतण्याला म्हणाला. पूर्वी तार करायचो, या वेळी फोन झालाय तर तार कशाला, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. शेवटी अंधार पडायच्या आत उचललं.

मी मधे पडायला नको होतं, मी कोण त्यांची. पण मंजुबेनकडे बघवेना. मी काकाला विचारलं, "ही बाई तुमच्याशी काय बोलली?"

"बोलनी ना. आधी गुजराती बोलनी. मंग हिंदी. मंग इंग्रजी बी बोलनी." त्या परिस्थितीतही त्याच्या आवाजात थोडा आदर होता. "शिकेल बाई से, मी म्हनं."

सगळ्यांनी मंजुबेनकडे पाहिलं. ज्या मंजुबेनना बसची पाटी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते.

"आणि मीटर किती पडलं?"

"बूथवालानी पैसाच नही लिधा. दुखना फोन से, म्हनीसन."

म्हणजे मीटर पळालंच नसणार. मी विचारलं, नंबर कुठला लावला. तो त्याला पाठ होता, घराच्या भिंतीवर वर्षानुवर्षं लिहिलेला. जुना. नवा आकडा पुढे नसलेला. गुलाबनं निरोप दिला नाही का, असं सुकदेवनं हळूच विचारलं. काका म्हणाला, गुलाब येऊन म्हातारीच्याच कानात काहीतरी सांगून गेला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून. म्हातारी तापात होती.

मी मंजुबेनना पेटी उघडायला लावली आणि त्याच खिडकीतून तो जुना नंबर फिरवला. पलीकडून एक स्वच्छ, गोड, शांत आवाज आला. आ नंबर बदलाई गयो छे. मी रिसीव्हर काकाच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा सैल झाला. खोटारडा ठरत होता, आता साक्षीदार सापडला होता.

"हाईच ती," तो सगळ्यांना म्हणाला. मग रिसीव्हरमध्ये, मोठ्यानं, "ओ बाई, तू सांगं का नही? कसाले सांगं नही तू?"

आवाज हिंदीवर आला होता.

मी त्याला सांगितलं की ती बाई नाही. एकदा कोणीतरी बोलून ठेवलेलं आहे, कोणीही फोन केला की तेवढंच वाजतं. रेल्वे स्टेशनात गाडीची सूचना येते तसं. त्याला ते पटेना. तिनं मला मधे तोडलं नाही, तो म्हणाला, मी सगळं सांगेपर्यंत ती बोलत होती. नेहमी असंच होतं, आपण सांगायचं, बाई काहीतरी बोलते, ठेवायचं. हळूहळू त्याच्या लक्षात येत गेलं. ते येताना मला दिसत होतं आणि मी ते थांबवू शकत नव्हते.

"मंग माले आयकं कोनी?" त्यानं विचारलं.

"कोणीच नाही, काका."

मंजुबेनची माफी कोणी मागितली नाही. चूक कोणाची नाही हे कळल्यावर माणसं त्यांच्यापासून नजर चुकवत एकेक करून निघून गेली, शोभासुद्धा. पुढे विमलताईंचं पत्र आलं की मंजुबेननी फोन आतल्या खोलीत नेला आहे आणि ओळीतले निरोप घेणं बंद केलं आहे. त्यांचं काय चुकलं. एवढा एक धागा त्या थरथरणाऱ्या वस्तीतून गावापर्यंत ताणलेला होता, तोही तुटला. पुण्याला मी कागद पाठवून दिले. त्यांच्या हिशेबात त्या सगळ्या घरांना फोनची सोय आहे, आणि ते खोटंही नाही.

पण ती सकाळ अजून संपलेली नव्हती. ओट्यावर आम्ही चार-पाच जण उरलो होतो. काकाच्या हातात रिसीव्हर तसाच होता.  भादरलेल्या डोक्यावरून सुकदेवनं हात फिरवला आणि वर न बघता विचारलं, "काका, काय सांगं तू तिले?"

काका पुतण्याकडे वळला. मग, बूथवर बोलला असेल तसाच, घाईघाईनं, एका दमात बोलला.

"सांगं का, सुकदेवले सांगा. माय आत्ते जागी से. बोलस. तुन्हंच नाव ली ऱ्हायनी, दारकडे देखी ऱ्हायनी. रातनी गाडी धर, भेट व्हई जाई."

सुकदेवनं मान हलवली.

"हा, काका," तो म्हणाला. "निघस मी." आणि तो पायरीवर तसाच बसून राहिला.